'हलकी' सायकल : बालस्पर्धकाच्या डोंगरी सायकलीची रचना आणि एका विशेषणाचा अर्थ

१

मराठीतील 'हलका' या विशेषणाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांपासून सहजासहजी सुटत नाहीत. पहिला अर्थ भाराचा : जे उचलावयास सोपे ते हलके. दुसरा अर्थ प्रतीचा : जे दर्जाने उणे तेही हलकेच. 'हलक्या प्रतीचे कापड', 'हलक्या कानाचा माणूस', 'हलके काम' या प्रयोगांत वजनाचा मागमूस नाही. आहे ती कमीपणाची छटा. याच्या उलट 'भारी' हा शब्द मूळचा भारवाचक असूनही उत्तमतेचा वाचक झाला आहे. 'भारी साडी' म्हणजे वजनदार साडी नव्हे, मोलाची साडी. आजच्या तरुणांच्या बोलीत तर 'भारी' हा केवळ प्रशंसेचा उद्गार होऊन बसला आहे.

शेतीच्या भाषेत ही जोडी अधिकच घट्ट आहे. बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, लोणी भापकर, मोरगाव, सुपे या बाजूस, जमिनीचे वर्णन 'हलकी', 'मध्यम' आणि 'भारी' अशा तीन शब्दांनी होते. हलकी जमीन म्हणजे उथळ, मुरमाड, पाणी न धरणारी; भारी जमीन म्हणजे खोल, काळी, ओल धरून ठेवणारी. पावसाची शाश्वती नसलेल्या या भागात कोणाच्या वाट्यास कोणती जमीन आली यावर घराची स्थिती ठरत असे. अशा भाषिक समाजात 'हलके' या शब्दाला चांगला वास येणे कठीणच.

आता अशा गावातील बारा-तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी सायकलींच्या डोंगरी शर्यतीत उतरू इच्छिते, आणि मार्गदर्शक पालकांस सांगतो, "मुलीला हलकी सायकल घ्या." पालकांच्या कानी काय पडते? तकलादू, स्वस्त, चार दिवसांत मोडणारी सायकल. मुलीच्या हितासाठीच मग ते 'चांगली भारी, दणकट' सायकल आणतात आणि मुलगी आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे लोखंड चढावर ओढीत राहते. येथे कोणाची बुद्धी कमी पडलेली नाही. शब्दाने वाट चुकविली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. बालस्पर्धकाची सायकल कमी भाराची का असावी व ती तशी कशी बांधावी हे प्रथम सांगावयाचे. आणि हे ज्ञान मराठीत पोहोचविताना कोणत्या शब्दांचा आश्रय घ्यावा याचा विचार त्यानंतर करावयाचा.

२

डोंगरी सायकल, म्हणजे ज्यास आपण 'माउंटन बाईक' म्हणतो ते वाहन, फारसे जुने नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून धावू लागले. तेथील एका उतारावर १९७६ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले. त्याचे कारण मौजेचे आहे. उलट पायंडल मारून लागणारे हबमधील ब्रेक उतारावर इतके तापत की आतील वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हबमध्ये ते नव्याने भरावे लागे. त्या 'पुन्हा भरण्या'वरून वाटेचे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठीच स्वतंत्र फ्रेम बांधली. १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे या प्रकारची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली व १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिचा समावेश झाला.

भारतात या खेळाने गेल्या दोन दशकांत मूळ धरले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये केरळातील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी राष्ट्रीय पातळीवरील डोंगरी शर्यतींत पदके मिळविली आहेत. मोठ्या शहरात न वाढलेल्या स्पर्धकासही हे क्षेत्र बंद नाही, एवढे या उदाहरणावरून दिसते.

एक नियम येथेच नोंदवितो. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलीस ६.८ किलो ही किमान वजनाची मर्यादा घातली आहे. डोंगरी सायकलीस अशी मर्यादा नाही. तेव्हा येथे भार किती कमी करावा याचे उत्तर नियमांत नसून बळकटी, सुरक्षितता आणि खर्च यांच्या मेळात शोधावे लागते.

३

भाराचा हिशेब प्रथम पाहू. बाजारात मिळणारी २४ इंची चाकांची, लोखंडी फ्रेमची साधी डोंगरी सायकल साधारणतः १५ किलो भरते. चालविणाऱ्या मुलीचे वजन ३५ किलो धरू. म्हणजे सायकल तिच्या वजनाच्या सुमारे ४३ टक्के झाली. तीच सायकल ७० किलोच्या प्रौढाखाली असेल तर हे प्रमाण २१ टक्के होते. प्रौढास जे ओझे वाटत नाही ते मुलास ओझे का वाटते, हे या एका गुणोत्तरावरून स्पष्ट व्हावे.

१०० मीटर उंचीचा चढ चढावयाचा म्हणजे ५० किलोचा एकूण भार तेवढा वर उचलावयाचा. त्यासाठी सुमारे ४९,००० ज्यूल कार्य करावे लागते. सायकल १०.५ किलोवर आणली तर एकूण भार ४५.५ किलो होतो आणि कार्य सुमारे ४४,६०० ज्यूल. ही बचत ९ टक्क्यांची आहे. केवळ चढण्याच्या कामी मुलगी ८० वॅट शक्ती सातत्याने लावू शकते असे मानले, तर पहिल्या सायकलीवर तिला सुमारे ६१३ सेकंद लागतील व दुसरीवर ५५८. शंभर मीटरच्या एका चढावर हा ५५ सेकंदांचा फरक आहे, आणि डोंगरी शर्यतीत असे चढ फेरीगणिक येतात. तेवढाच भार प्रौढाच्या सायकलीतून कमी केला तर बचत ५ टक्क्यांच्या थोडी वर जाते. तात्पर्य, भार कमी करण्याचा लाभ ज्याला सर्वांत जास्त त्यालाच बाजार सर्वांत जड सायकल देतो.

चाकाच्या भाराविषयी एक समज प्रचलित आहे की, चाकावरील वजन नेहमीच दुप्पट मोजावे. तो अर्धाच खरा आहे. रिम आणि टायर यांचे वस्तुमान पुढेही सरकते आणि फिरतेही. म्हणून वेग वाढविताना त्याचा परिणाम जवळजवळ दुप्पट होतो. परंतु एकसारख्या वेगाने चढ चढताना चाकावरील १०० ग्रॅम आणि सीटखालील १०० ग्रॅम यांत काहीही भेद नसतो. डोंगरी वाटेवर मात्र वळणागणिक वेग मंदावतो व पुन्हा वाढवावा लागतो. म्हणून टायर-ट्यूब यांकडे आधी लक्ष देणे युक्त ठरते, पण ते या कारणासाठी.

४

भार उतरविण्यापूर्वी माप पाहिले पाहिजे आणि येथे भाषेचा दुसरा सापळा आहे. आपल्या खेड्यापाड्यांत 'बावीस इंची' आणि 'चोवीस इंची' ही सायकलींची जुनी नावे आहेत. ती संख्या चाकाची नव्हे, फ्रेमची असे; बावीस इंची काळ्या सायकलीची चाके २८ इंची असत. डोंगरी सायकलीच्या बाबतीत मात्र दुकानदार '२४', '२६', '२७.५', '२९' हे आकडे चाकासाठी वापरतो. फ्रेमचे माप निराळे असते. जुन्या संकेतात वाढलेले आजोबा 'चोवीस इंची' म्हणताच पूर्ण वाढीच्या माणसाची सायकल समजतात; नव्या संकेतात ती मुलाची सायकल ठरते. एकच संख्या, एकच एकक, पण निर्देश निराळा. अर्थविचाराच्या वर्गात हे उदाहरण सांगण्यासारखे आहे.

'वाढत्या अंगाचे' कपडे शिवण्याची आपली रीत सायकलीस लावू नये. दांडीच्या दोन्ही बाजूंस पाय टेकून उभे राहता आले पाहिजे आणि बोटे ब्रेकच्या मुठीपर्यंत सहज पोहोचली पाहिजेत. या दोन गोष्टी नसतील तर सायकल कितीही हलकी असो, ती धोक्याची आहे. क्रँकच्या लांबीविषयी एक ढोबळ ठोकताळा असा की, ती उंचीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावी. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलीस सुमारे १४० मिलिमीटरची क्रँक पुरते. प्रौढांच्या १७० मिलिमीटरच्या क्रँकवर तिचा गुडघा प्रत्येक फेरीस गरजेपेक्षा अधिक दुमडतो व कंबर डोलू लागते.

दातेरी चाकांचा हिशेबही तिच्या ताकदीप्रमाणे करावा. पुढे ४४ व मागे १८ दाते असलेली काळी सायकल पायंडलाच्या एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर ते ठीक आहे. चढावर उतरून चालावे लागते. २४ इंची चाकाच्या सायकलीस पुढे २८ दात्यांचे एकच चाक आणि मागे ११ ते ४२ दात्यांची कॅसेट बसविली, तर एका फेरीतील अंतर सुमारे १.२७ मीटरपासून ४.८ मीटरपर्यंत बदलता येते. पुढे तीन चाके ठेवण्याचे कारण उरत नाही. त्यांच्याबरोबर पुढील डिरेलर, त्याची मूठ आणि केबल यांचाही भार जातो.

५

'हलकी म्हणजे कमकुवत' या समजुतीचे उत्तर फ्रेमच्या नळीत आहे. पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७. परंतु ॲल्युमिनियमची ताठरताही त्याच प्रमाणात, म्हणजे पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश आहे. तेव्हा नुसता धातू बदलून काही साधत नाही. साधते ते नळीच्या आकाराने. पातळ भिंतीच्या नळीचे वजन व्यास आणि भिंतीची जाडी यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. तिची वाकण्याविरुद्धची ताठरता व्यासाच्या घनावर व जाडीवर. व्यास दुप्पट केला व जाडी निम्मी केली तर वजन तेवढेच राहते, पण ताठरता चौपट होते. बांबू पोकळ असून वाऱ्यास टिकतो त्यामागे हेच तत्त्व आहे. म्हणून ॲल्युमिनियमची फ्रेम जाड नळ्यांची दिसते आणि हाताला हलकी लागते. चांगल्या फ्रेमच्या नळ्या जोडाच्या टोकांशी जाड व मध्यभागी पातळ काढलेल्या असतात, कारण ताण जोडाशी अधिक असतो. शक्ती येथे भरावात नसून भराव कोठे आहे यात आहे.

तथापि ॲल्युमिनियमचा एक दोष सांगितलाच पाहिजे. पोलादावर ठराविक मर्यादेखालचे हेलकावे कितीही वेळा बसले तरी ते सहसा तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. लहान धक्केही साचत जातात आणि काही काळाने चीर पडते. म्हणून जुनी, अनेक हातांतून आलेली ॲल्युमिनियमची फ्रेम किंवा हँडल घेताना जोडांजवळ बारीक चिरा आहेत काय, हे उजेडात पाहावे.

६

फ्रेम बदलणे हा सर्वांत खर्चाचा उपाय आहे. म्हणून तो शेवटी ठेवावा. १५ किलोच्या सायकलीतून भार उतरविण्याचा क्रम असा असावा. स्टँड, मडगार्ड व कॅरिअर काढून सुमारे ०.८ किलो कमी होते आणि त्यास पैसाही लागत नाही. त्यानंतर पुढचा चिमटा. स्वस्त सायकलीवरील 'शॉकअप' दोन किलोंहून अधिक भरतो आणि त्यातील स्प्रिंग प्रौढाच्या वजनासाठी बेतलेली असल्याने ३५ किलोच्या मुलीखाली ती जेमतेम हलते. म्हणजे भार पुरा आणि उपयोग अपुरा. त्याऐवजी ताठ चिमटा लावल्यास सुमारे १.२ किलो वाचते. मात्र नवा चिमटा जुन्याच्या उंचीचा असावा. तो आखूड असेल तर सायकलीचे तोंड खाली येते, पुढील नळीचा कोन उभा होतो आणि उतारावर हँडल चंचल होते.

पुढील तीन चाकांची लोखंडी क्रँक जाऊन एका चाकाची ॲल्युमिनियमची आली की सुमारे ०.७ किलो, पुढील डिरेलरची जोडणी गेल्याने ०.३ किलो, घडी होणाऱ्या काठाचे टायर लावल्याने व ट्यूबची व्यवस्था बदलल्याने ०.६ किलो, हँडल, स्टेम, सीटचा दांडा व सीट यांत ०.९ किलो. एकूण साडेचार किलो. फ्रेमला हात न लावता सायकल १०.५ किलोवर आली. यापुढे ॲल्युमिनियमची फ्रेम घेतल्यास आणखी किलोभर उतरेल. पण तो किलो या साडेचार किलोंपेक्षा महाग पडेल.

टायरांच्या बाबतीत स्थानिक भूमीचा विचार अवश्य करावा. परदेशी पुस्तकांतील सल्ला असा की, ट्यूब शक्य तितकी पातळ घ्यावी. बारामतीच्या जिरायती भागात बांधोबांध बाभळी आणि वेड्या बाभळी आहेत. त्यांचा काटा पातळ ट्यूबला क्षमा करीत नाही. येथे ट्यूब काढून टाकून टायर-रिमचा सांधा हवाबंद करणे आणि आत रबराच्या चिकाचे द्रावण घालणे हा उपाय अधिक बरा. काट्याने पडलेले छिद्र ते द्रावण आतूनच बुजविते. शिवाय हलक्या अंगाच्या स्वारास हवेचा दाब कमी ठेवता येतो. २० पौंडांच्या आसपासच्या दाबाने टायर मुरमाला धरून राहतो आणि ताठ चिमट्याने न सोसलेले धक्के काही अंशी तोच सोसतो. हे द्रावण उन्हाळ्यात लवकर सुकते, म्हणून त्याची पाहणी दर दोन-तीन महिन्यांनी करावी.

भार कोठे उतरवू नये हेही सांगणे आवश्यक आहे. ब्रेक, ब्रेकच्या केबल, हँडल, स्टेम आणि चिमटा या पाच ठिकाणी वजन केवळ वजनासाठी कमी करू नये. यांतील एखादा भाग उतारावर दगा देईल तर त्याची किंमत सेकंदांत मोजता येत नाही. नट-बोल्टला छिद्रे पाडणे, आरे कमी करणे असले उद्योग मुलाच्या सायकलीवर सर्वथा वर्ज्य मानावेत.

७

आता परिभाषेकडे वळू. वरील विवेचनात 'चिमटा' हा शब्द आला. तो कोणत्याही समितीने घडविलेला नाही, सायकलच्या दुकानात घडला. चुलीजवळील वस्तूच्या आकारसाम्याने तो चाक धरणाऱ्या भागास लागला. बेअरिंगमधील गोळ्यांस कारागीर 'छर्रे' म्हणतात. वाकडे फिरणारे चाक सरळ करण्यास 'आउट काढणे' म्हणतात. संपूर्ण सायकल खोलून साफ करण्याच्या कामास 'ओव्हरऑइल' म्हणतात. मूळच्या 'ओव्हरहॉल'मधील अपरिचित अवयवाच्या जागी परिचित 'ऑइल' आला आणि तेल घालण्याच्या कामाशी तो अर्थानेही जुळला. लोकव्युत्पत्तीचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. 'शॉकअप' हेही त्याच घराण्यातील रूप.

बैलगाडीच्या चाकास मराठीत तुंबा, आरे, पाटे, धाव, आस अशी संपूर्ण शब्दसंपत्ती होती. तरी सायकलीबरोबर 'हब', 'रिम', 'टायर' आले आणि राहिले. केवळ 'आरा' काही ठिकाणी टिकला. याचे कारण भाषेचे दारिद्र्य नव्हे. लाकडी तुंबा आणि छर्रे भरलेला हब या वस्तूच भिन्न होत्या. त्या बनविणारे सुतार व दुरुस्त करणारे मेकॅनिक हे कारागीरही भिन्न. शब्द वस्तूबरोबर आणि कारागिराबरोबर चालतो. 'पायगाडी' व 'दुचाकी' हे प्रतिशब्दही पुढे आले. पैकी पहिला मावळला आणि दुसरा आज मुख्यतः यंत्रावर चालणाऱ्या वाहनाकडे गेला. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषाकोशांचे मोठे कार्य झाले आहे. परंतु दुकानातील हा शब्दसंग्रह क्षेत्रीय पाहणीनेच हाती लागेल, आणि ती पाहणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी करण्याजोगी आहे. जुन्या काळ्या सायकलींबरोबर तो संग्रहही विरत चालला आहे.

राहिला प्रश्न 'हलकी' या शब्दाचा. त्याचे मूळ संस्कृत 'लघु', 'लघुक'. त्यापासून प्राकृतात वर्णविपर्ययाने 'हलुअ' झाले. हेमचंद्राने या विपर्ययाची नोंद केली आहे. मराठीतील 'हळू' हाही त्याच कुळातील शब्द. म्हणजे भाराने कमी, दर्जाने कमी आणि वेगाने कमी या तिन्ही कल्पना एकाच मुळावर वाढल्या आहेत. शर्यतीच्या सायकलीस याहून गैरसोयीचे विशेषण शोधूनही सापडणार नाही! शब्दाचा इतिहास आज्ञेने पुसता येत नाही. 'हलकी म्हणजे वाईट नव्हे' असे कितीही वेळा सांगितले तरी जुनी छटा पुन्हा वर येते.

उपाय भाषेत दुसरीकडे तयार आहे. बैलांच्या शर्यतीस २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्यता कायम केली. ती शर्यत ज्या गावांत चालते तेथील शेतकऱ्यास कोणी हे समजावून द्यावे लागत नाही की, शर्यतीचा छकडा ऊस वाहणाऱ्या गाडीपेक्षा निराळा असतो. छकड्यास कोणी 'हलक्या प्रतीची गाडी' म्हणत नाही. तो त्याच्या कामासाठी घडलेला असतो, एवढेच. जुनी काळी सायकलही दुधाच्या किटल्या, गवताचा भारा आणि मागे बसलेले माणूस यांच्यासाठी घडली होती. त्या कामास तिचे सुमारे २० किलो वजन शोभत होते. तेव्हा मार्गदर्शकाने पालकांस 'हलकी सायकल घ्या' असे न सांगता 'शर्यतीची सायकल घ्या, ओझ्याची नको' असे सांगावे. विशेषण वजनाचे न घेता कामाचे घेतले की दर्जाचा संशय उठत नाही आणि वजनाचा मुद्दा आपोआप ध्यानी येतो. मग तराजू आणून किती किलो हे मोजता येईल. मोजलेल्या किलोंना चांगली-वाईट छटा नसते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने सायकलीच्या छर्ऱ्यांत का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, अर्थाचे संक्रमण ज्या ठिकाणी अडते त्या ठिकाणी नुकसान कोणाचे तरी होत असते. येथे ते एका मुलीचे होते, आणि प्रत्येक चढावर पंचावन्न सेकंदांनी होते.